पेटी-तबला दुरुस्तीचा गाळा, नौपाडा : इंटिरियरच्या कामाचा पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

इंटिरियरच्या कामाचा रिव्ह्यू बहुतेक जण ताबा घेतल्याच्या आठवड्यातच लिहून टाकतात. सनमायका नवा असतो, ड्रॉवर अलगद सरकतात, पाच तारे देऊन मोकळं होता येतं. वाद्यदुरुस्तीच्या गाळ्याला हा न्याय लावून चालत नाही. काम चैत्र-वैशाखात झालं, रिव्ह्यू मुद्दाम दिवाळीनंतर लिहितो आहोत. ठाण्यात या धंद्याची खरी गर्दी आषाढ ते अश्विन. आधी एकादशीचे पखवाज, मग श्रावणातली भजनं, मग गणपती, मग नवरात्र. आणि नेमक्या याच महिन्यांत हवेला इतकी ओल असते की मीठसुद्धा बरणी सोडत नाही. या चार महिन्यांत गाळा कसा वागला त्यावर तारे द्यायचे.

गाळा नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. दहा बाय अठरा फूट, उंची साडेदहा. समोर शटर, मागच्या भिंतीला एक खिडकी, तिच्या बाजूला कोपऱ्यात जुनी मोरी. इथे पेट्या येतात, तबला-डग्गे, ढोलक्या, पखवाज येतात, अधूनमधून तानपुरा किंवा सतार येते. दोन कारागीर आणि एक मदतनीस. काम दिलं होतं ठाण्यातल्याच एका लहान इंटिरियर फर्मला. नाव देत नाही, कारण यातल्या बहुतेक चुका कोणताही इंटिरियरवाला करील अशा आहेत आणि नावापेक्षा तपशील जास्त उपयोगी पडेल. कोटेशन 3 लाख 60 हजारांचं होतं, बिल झालं 4 लाख 5 हजार. कबूल केलेले दिवस 26, लागले 41.

सुतारकाम पहिल्या प्रतीचं आहे, हे आधी सांगून टाकतो. कडा सरळ, चॅनल भक्कम, बिजागऱ्या चार महिन्यांत हललेल्या नाहीत. दोष आहे तो आखणीत. ड्रॉइंगमध्ये काम करणारा माणूस होता, त्याचं बेंच होतं, त्याची खुर्ची होती. पण दुरुस्तीच्या गाळ्यात एका वेळी एक पेटी उघडलेली असते आणि पंधरा पेट्या वाट बघत असतात. कोणी सुटे भाग यायची, कोणी सरस वाळायची, आणि निम्म्या तरी गिऱ्हाईक न्यायला यायची. जागा या थांबलेल्या वाद्यांना लागते, कोरडी हवाही त्यांनाच लागते. हे कळायला फर्मला उशीर लागला.

सगळ्यात चांगलं काय केलं असेल तर काचेचं पार्टिशन, आणि ती कल्पना त्यांचीच. शटरपासून पाच फुटांवर 8 मिमी टफन काच, छताला टेकवलेली. पुढे काउंटर, मागे दहा बाय तेराची बंद खोली. याचा फायदा दिसण्यापेक्षा हवेसाठी जास्त आहे. हिशेब सोपा आहे. पूर्ण गाळ्यात साधारण 53 घनमीटर हवा मावते. 30 अंश तापमानाला दमटपणा 88 टक्क्यांवरून 60 वर आणायचा तर एवढ्या हवेतून जेमतेम अर्धा लिटर पाणी काढावं लागतं. बंद खोलीत हे काम दिवसाला 20 लिटर पाणी ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरला (हवा सुकवणाऱ्या मशीनला) तासाभराचं. पण शटर दिवसभर उघडं असेल तर तेच अर्धा लिटर दर थोड्या वेळाने पुन्हा आत येतं, आणि मशीन ठाण्याची हवा सुकवत बसतं. पार्टिशन झाल्यावर ऑगस्टमध्ये काउंटरवर 86 टक्के आणि आत 57 ते 60 असा फरक सातत्याने राहिला. लाकूड, चामडं आणि सरस या तिघांनाही 50 ते 60 मानवतं.

(हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचा मीटर, घेतलात तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाका, आणि झाकण व मीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत एक रात्र ठेवा. सकाळी 75 दिसायला हवं. 70 दिसलं तर पुढे प्रत्येक आकड्यात 5 मिळवा. स्वस्तातले मीटर एवढे चुकलेले सर्रास निघतात.)

सरकत्या दाराची रेल वर टांगली आहे, हेही बरोबर केलं. जमिनीवर रेल असती तर तिच्यात भुसा आणि स्क्रू अडकले असते, आणि हातात पेटी घेऊन येणारा ठेचकाळला असता. मात्र दाराची रुंदी अडीच फूट ठेवली. पेटी साधारण दोन फूट लांब असते आणि ती दोन्ही टोकांना धरून आडवीच उचलतात. बोटं आणि कोपर धरले की बत्तीस इंच होतात. येणारा प्रत्येक जण दारात तिरका होतो. तीन फूट हवेच होते, आणि काच एकदा कापली की ती वाढत नाही.

डीह्युमिडिफायरची जागा ठरवली, त्याच्यासाठी 16 अँपिअरचा पॉइंटही दिला. पाणी कुठे जाणार हे मात्र कोणीच विचारलं नाही. मशीनची टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं. रात्री दहाला गाळा बंद केला तर दोन-तीनच्या सुमाराला टाकी भरते आणि सकाळपर्यंत दमटपणा पुन्हा सत्तरीच्या पुढे जातो. मागे पाण्याची नळी जोडायची सोय जवळपास प्रत्येक मशीनला असते. पण नळीला उतार लागतो, म्हणजे मशीन फूटभर उंच हवं आणि नळी मोरीकडे जायला हवी. जुलैत कडाप्प्याचा तुकडा खाली देऊन मशीन उचललं आणि नळी भिंतीच्या कडेने मोरीपर्यंत नेली. नवीन काम करताना ही नळी टाइल्सच्या आधीच टाकून घ्या. आणखी एक गोष्ट, हे मशीन उष्णता बाहेर टाकतं. बंद खोलीत दोन-तीन अंश चढतात, म्हणून 1 टनाचा एसी ही चैन म्हणता येत नाही. फक्त त्याचा झोत ओल्या पुडीवर (तबल्याच्या तोंडावरच्या चामड्यावर) पडू देऊ नका. एका बाजूने आधी वाळलेली पुडी एकसारखी ताणली जात नाही.

आता थांबलेल्या वाद्यांची जागा. उजव्या भिंतीला पेट्यांसाठी बारा कप्पे केले आहेत, चार उभे रकाने, तीन ओळी. प्रत्येक कप्पा आतून 28 इंच रुंद, 16 खोल, 14 उंच. हे माप नीट बसलं. साधी पेटी आरामात जाते, स्केलचेंजरही (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी) जाते आणि वर हात घालायला जागा उरते. सगळ्यात वरची ओळ छातीच्या उंचीला संपते, कारण स्केलचेंजर पेटी पंधरा किलोच्या पुढेही भरते आणि ती डोक्यावरून उतरवताना हात सुटला की नुसती पेटीच नाही, खालचा माणूसही दुरुस्तीला जातो. कप्पे भिंतीपासून दोन इंच पुढे, मधे लाकडी पट्ट्या, मागे प्लाय नाही. जुन्या इमारतीची बाहेरची भिंत पावसात गार आणि ओली राहते. तिला चिकटून ठेवलेल्या भात्याला आठवड्यात पांढरी बुरशी येते. ही फट न सांगता सोडली, त्याबद्दल सुताराला पूर्ण गुण. फटीच्या दोन्ही टोकांना आणि खाली बारीक स्टीलची जाळी मात्र सांगून मारून घ्यावी लागली. उंदराला पुडीचं चामडं आणि भात्याचं कापड दोन्ही आवडतं, आणि नौपाड्यात उंदरांना तोटा नाही.

खालची ओळ जमिनीपासून फूटभर वर आहे, तीही योग्य. नौपाड्याच्या सखल गल्ल्यांत जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं, आणि गाळ्याला एकच पायरी आहे. पण त्या फूटभर फटीपुढे 'बरं दिसावं' म्हणून प्लायची झालर जमिनीपर्यंत आणली. तिच्या खालच्या कडेला ना सनमायका, ना रंग. लादी पुसून पुसून सप्टेंबरपर्यंत ती कड फुगली आणि पापुद्रे सुटले. झालर काढून टाकली. आता तिथे लोखंडी पाय उघडे दिसतात, झाडू आत जातो, कोणाचं काही बिघडलेलं नाही.

तबल्यांच्या फळ्यांचं गणित चुकलं. पेटीच्या कप्प्यांवर चार फुटांची सलग फळी, 19 मिमी प्लायची, मधे आधार नाही. तिच्यावर तबल्याच्या चार जोड्या ठेवल्या की तीस-पस्तीस किलो होतात. दोन महिन्यांत मध्यावर 5 मिमी झोल आला. समोरच्या कडेखाली दोन इंचांची उभी पट्टी ठोकली असती तर झोल आला नसता. आता ठोकली आहे. कडेला अर्ध्या इंचाचा उंबरठाही लागतो, कारण चुंभळीवरून घसरलेला डग्गा थेट खालच्या पेटीवर येतो.

तानपुऱ्याचं कपाट हा या कामातला सगळ्यात महागडा घोळ. उंची साडेपाच फूट, छान. आतली खोली 17 इंच. मोठ्या तानपुऱ्याचा भोपळा 18 इंच. कपाटाचं दार भोपळ्याला टेकून उघडंच राहायचं, आणि दार जोरात लावलं असतं तर भोपळ्याला तडा ठरलेला. सतारीवरून माप घेतलं होतं असं कळलं. सतार लहान असते. फर्मने दार काढून चौकट सहा इंच पुढे आणून दिली, स्वतःच्या खर्चाने, हे मान्य करायला हवं. पण नऊ दिवस त्यात गेले. तानपुऱ्याच्या कपाटाला आतून 22 इंच खोली आणि प्रत्येक वाद्याला 20 इंच रुंदी धरा. भोपळा ठेवायला तळाला फोमचा खोलगट गोल आणि वर दांडीला कापड गुंडाळलेली खाच करा. मिरजेच्या कारागिरांकडे पाठवायचे तानपुरे इथेच आठ-दहा दिवस बांधून पडलेले असतात, तेव्हा खोके आत मावेल इतकी जागा असेल तर उत्तम.

बेंच सहा बाय दोन फूट. 18 मिमी प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवून 36 मिमीचा पाट आणि खाली चौकोनी लोखंडी पाइपचे पाय. ठोकलं तरी हलत नाही. लांबी नेमकी आहे. पेटी उघडली की खोका एकीकडे, रीडबोर्ड (सूर देणाऱ्या पितळी रीड्सची फळी) दुसरीकडे आणि पट्ट्या क्रमाने मांडायला तिसरीकडे, अशी पाच फूट जागा खातेच. 42 पट्ट्यांची पेटी असेल तर दुहेरी सुरांची 84 रीड्स होतात, आणि त्यातलं एक जरी इकडचं तिकडे गेलं की संध्याकाळ गेली.

पण वरचा सनमायका गडद अक्रोडी दिला, दाणेदार लाकडी नक्षीचा. कॅटलॉगमध्ये सुरेख दिसतो. पट्टीखालची पितळी स्प्रिंग बारीक तारेची असते. गडद तपकिरी नक्षीवर ती पडली की दिसेनाशी होते. बोटाने चाचपून शोधायची म्हटलं तर नक्षीचे दाणे बोटाला तसेच लागतात. बेंचला फिकट, एकरंगी, मॅट सनमायकाच हवा, ऑफ-व्हाइट किंवा फिकट करडा, जाडी 1 मिमी. इथे शेवटी पाटावर फिकट रबरी चटई अंथरावी लागली. चटईचा एक फायदा झाला, पडलेला स्क्रू उडत नाही. बेंचच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला 6 मिमी उंच पट्टी आहे, पुढची कड सपाट आहे. ही बारीक गोष्ट कोणाला तरी सुचली, चांगलं झालं. पुढच्या कडेलाही पट्टी असती तर पेटी सरकवताना खालचं पॉलिश ओरबाडलं गेलं असतं.

शेगडा (वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस) बेंचच्या मध्यावर बसवला होता. तो नेहमी बेंचच्या पायाच्या डोक्यावर बसवावा, नाहीतर कानस मारताना पाट थरथरतो आणि घोडीची जवारी काढताना (तारांखालच्या घोडीचा माथा घासून आकार देताना) ती थरथर थेट कामात उतरते. बोल्टची चार भोकं बदलायला अर्धा दिवस लागला.

प्रकाशाचा भाग बरा आहे. बेंचपासून अठरा इंचांवर फळी, तिच्या खाली सलग सहा फूट एलईडी पट्टी, पुढे दुधी झाकण. बेंचवर प्रकाश मुबलक पडतो, सावली पडत नाही. पण रीडच्या कामाला सावलीच हवी असते. रीडची जीभ आणि ती बसवलेला पितळी तुकडा यांच्यातली फट केवढी, जीभ एका बाजूला घासते का, हे डावीकडून तिरपा प्रकाश आला तरच दिसतं. रीडच्या टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि दोन्हीकडे खरवडलेली धातू परत येत नाही. तेव्हा बेंचच्या डाव्या टोकाला वाकवता येणारा एक दिवा आणि त्याच्यासाठी पॉइंट हवा. पॉइंट होते, पण जमिनीपासून फूटभर उंचीवर, बेंचच्या मागे. वायरमनच्या हिशेबात सगळे पॉइंट तिथेच असतात. प्रत्येक वेळी प्लग लावायला बेंचखाली वाकून जायचं. पाटाच्या सहा इंच वर पॉइंट घ्या, किमान पाच. सरसाचं भांडं, सोल्डरिंग, दिवा, ट्यूनर, आणि एक कायम मोकळा.

आता आवाज. याबद्दल इंटिरियरवाल्याला दोष देणं कठीण, त्याने आधी असलं काम केलेलंच नाही. पण लिहिलं पाहिजे, कारण याची माहिती सहसा कुठे मिळत नाही.

एका पट्टीखालचे दोन सूर मिळवताना कान एकच गोष्ट ऐकतो, आवाजाचा डोल. दोन सुरांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि ओसरतो. सूर जुळत आले की डोल मंदावतो, थांबतो. आता डोक्यावर पंखा फिरत असेल तर त्याची पाती आवाज कापतात. मंद पंखा मिनिटाला शंभर फेऱ्या घेत असेल तर तीन पात्यांचे सेकंदाला पाच काप. सूर अगदी जुळलेले असले तरी आवाज डोलताना ऐकू येतो, आणि नवखा माणूस बरोबर असलेलं रीड खरवडायला घेतो. म्हणून सूर लावताना पंखा बंद. आणि पंख्याचं बटण कुठे आहे? शटरजवळ, मुख्य बोर्डावर, काचेच्या पलीकडे. दिवसातून वीस वेळा उठायचं. सूर लावायच्या बैठकीपासून हात पोचेल इथे पंखा, एसी आणि डीह्युमिडिफायर या तिघांचे स्विच हवेत.

दुसरी गोष्ट गुणगुण. आपली वीज 50 सायकलची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची. चोक, ट्रान्सफॉर्मर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर हे त्याच्या दुप्पट, 100 सायकलला गुणगुणतात. खर्जातली पांढरी पाच (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) 98 ला येते. म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचच्या जवळच, पण 35 सेंट चढी (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर). पांढरी पाचच्या आसपासचा खर्ज लावताना कानाशी कोणी सतत किंचित चुकीचा सूर धरून बसलं आहे अशी गत होते. इथे ड्रायव्हर बेंचच्या पाटाला खालून स्क्रूने मारला होता. छत्तीस मिलिमीटर प्लाय सतारीच्या तबलीसारखा वाजत होता. ड्रायव्हर माळ्यावर नेला, खाली रबराचा तुकडा दिला, तीन मीटर वायर लागली. प्रश्न मिटला.

पीओपीच्या खोट्या छताबद्दल थोडक्यात: करू नका. साडेदहा फुटांतला दीड फूट गेला, दोन्ही टोकांना होऊ शकणारा माळा एकाच टोकाला झाला, आणि वरच्या मजल्याच्या नळाची गळती पीओपीवर पिवळा डाग पडेपर्यंत कळली नाही. छताला आवाज शोषायचा असेल तर जाड पडदा आणि भरलेले कप्पे पुरतात. वाद्यांनी भरलेल्या खोलीत आवाज तसाही घुमत नाही.

ओटा हा मूळ ड्रॉइंगमध्ये नव्हताच. पेटीवाला स्टुलावर बसून काम करतो, पण पुडी चढवणारा जमिनीवर बसतो. तबला दोन्ही पायांत धरून, पाठ ताठ ठेवून, वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) ताणायला अंगाचा जोर लागतो, आणि तो बसल्यावरच येतो. फर्मने 'तबल्यासाठी वेगळं बेंच' सुचवलं होतं. त्यावर पुडी चढवून दाखवा म्हटल्यावर विषय संपला. मग चार बाय चार फुटांचा, 10 इंच उंचीचा ओटा झाला, खाली दोन बाय दोन इंचांची चौकट, वर 18 मिमी प्लाय. खाली गठ्ठे (वादीखाली बसवायचे लाकडी ठोकळे), वाद्या आणि जुन्या पुड्या ठेवायला दोन खोल ड्रॉवर. उंची अगदी योग्य आहे. जमिनीची ओल लागत नाही आणि खाली पाय सोडून उठता येतं. या ओट्याचे 18 हजार वेगळे लागले, बिल वाढण्याचं मोठं कारण हेच. ड्रॉइंग बघताना आधी विचारा, 'खाली बसून काय काम होणार आहे?'

मोरी. वादी भिजवल्याशिवाय ओढता येत नाही, पुडीच्या कडेलाही ओल द्यावी लागते, म्हणजे बादली लागते आणि बादली ओतायला मोरी लागते. फर्मने जुनी मोरी टाइल्सखाली बुजवायची आणि सोळा इंचांचं बेसिन लावायचं ठरवलं होतं. वेळेत थांबवलं म्हणून वाचलो. बेसिनमध्ये बादली मावत नाही आणि कुजट चामड्याचं पाणी तिथे ओतलं की नळी तुंबते. मोरी ठेवली, तिला नऊ इंचांची कठडी आणि पडदा केला. हा कोपरा मरीन ग्रेड प्लायचा, आयएस 710 शिक्क्याचा. बाकी गाळ्याला आयएस 303 चा बीडब्ल्यूआर (पाण्याला तग धरणारा प्लाय) पुरतो. कोटेशनमध्ये नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. शिक्का कोणता ते लिहून घ्या आणि शीट कापायच्या आधी स्वतः बघा.

पॉलिशची जागा खिडकीपाशी, ती बरोबर. एक्झॉस्ट मात्र शटरच्या डोक्यावर बसवला. म्हणजे स्पिरिटचा वास मागून पुढे, अख्ख्या गाळ्यातून, गिऱ्हाइकाच्या नाकावरून बाहेर. आता पार्टिशनमुळे तो तसाही निकामी झाला आहे. नऊ इंचांचा एक्झॉस्ट मागच्या खिडकीतच हवा होता. एक सावधगिरी: एक्झॉस्ट चालू म्हणजे बाहेरची ओली हवा आत. दमट दिवशी चपडीचं (लाखेचं) पॉलिश मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी थरात अडकतं. आधी खोली सुकवा, पॉलिशचे हात मारा, आणि मग एक्झॉस्ट लावा. स्पिरिट लिटरभरापेक्षा जास्त ठेवायचं नाही, तेही झाकणाच्या लोखंडी पेटीत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

कानस आणि सॅंडपेपरचं काम सूर लावायच्या जागेपासून लांब व्हायला हवं. पितळेचा एक कण रीडच्या फटीत बसला की सूर चिरकतो. इथे तेवढी जागाच नव्हती, म्हणून शेगड्याच्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा टांगला आहे आणि संध्याकाळी व्हॅक्यूम. चालून जातं.

वायरिंगबद्दल तक्रार नाही. दिव्यांना 1.5, पॉइंटना 2.5 आणि एसीला 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). पाण्याच्या बादलीशेजारी वीज वापरणाऱ्या गाळ्यात तो हवाच. ऑगस्टमध्ये एकदा पडला, मोरीजवळच्या पॉइंटमध्ये ओल गेली होती. पडला म्हणूनच कळलं.

तारे द्यायचे तर सुतारकाम आणि फिनिशिंगला साडेचार, आखणीला अडीच, वेळेला दोन, चुकल्यावर येऊन दुरुस्त करण्याला चार. यांना काम द्यायला हरकत नाही, पण मापं तुम्ही द्या. सगळ्यात मोठी पेटी, सगळ्यात जाड भोपळ्याचा तानपुरा आणि भरलेली बादली ड्रॉइंगच्या दिवशी समोर ठेवा. पैसे 50-40-10 असे ठरले होते. शेवटचे 10 टक्के ताब्याच्या दिवशी दिले, ते पहिल्या पावसानंतर द्यायचे असं लिहून घ्यायला हवं होतं. शिल्लक कामांत पंख्याचं बटण आत आणणं आणि ओट्याच्या पुढच्या कडेची गोलाई एवढं आहे. गोलाई नसल्याने कड मांडीला रुतते. रंधा घेऊन अर्ध्या तासाचं काम, सुतार 'येत्या सोमवारी' येणार आहे, आणि असे तीन सोमवार झाले.